पन्नाशीची काँटेसा की दहा वर्षांची सन ओडिसी?

प्रश्न : मी साउदॅम्प्टनला नोकरी करतो, मूळ वेंगुर्ल्याचा. डे स्किपर (बोट चालवण्याचं) सर्टिफिकेट आहे, चार उन्हाळे भाड्याच्या बोटी चालवल्या. आता स्वतःची घ्यायची आहे. घरात चौघं : मी, पत्नी, तेरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. दोन शिडाच्या बोटी पाहून ठेवल्यात. एक १९७६ ची काँटेसा ३२, मागणी २६,००० पौंड. इंजिन मूळचं बुख कंपनीचं, रिगिंग (डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा) बारा वर्षांचं, डोलकाठीजवळ डेक पायाखाली थोडा दबतो. दुसरी २०१५ ची जॅनो सन ओडिसी ३४९, दोन केबिनची, खोल कीलची (कील म्हणजे बुडाखालचा जड पंख), मागणी ९२,०००. सगळं धरून १,०५,००० च्या वर जाता येणार नाही. इथल्या सॉलेंट सामुद्रधुनीत शनिवार-रविवार, उन्हाळ्यात फ्रान्समधलं शेरबुर, पुढे ब्रिटनी असा बेत. जुनी मंडळी म्हणतात, काँटेसा हीच खरी बोट, नव्या सगळ्या तरंगत्या कॅरॅव्हॅन. निवृत्तीनंतर गोव्यापर्यंत जायचंही मनात आहे. पत्नीचा मात्र एकच प्रश्न आहे : रात्रीची वेळ आणि वारा अचानक वाढला, तर कुठल्या बोटीवर मला कमी भीती वाटेल?

उत्तर : पत्रातला सगळ्यात कामाचा प्रश्न तुमच्या पत्नीने विचारलाय. पण त्याआधी जुन्या मंडळींचं काय ते मिटवू, कारण ते अर्धं खरं बोलतायत.

काँटेसा ३२ चा आराखडा डेव्हिड सॅडलर यांचा, आणि बोट लिमिंग्टनला जेरेमी रॉजर्स यांच्या यार्डात बांधली गेली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून सातशेहून अधिक झाल्या. तिचं नाव झालं ते १९७९ च्या फास्टनेट या खुल्या समुद्रातल्या शर्यतीमुळे. त्या ऑगस्टमध्ये ३०३ बोटी निघाल्या, १३-१४ तारखेच्या रात्री वादळ आलं, १५ स्पर्धक गेले, ८५ बोटींनी शर्यत पुरी केली. सगळ्यात लहान बोटींच्या वर्गात एकच बोट शेवटपर्यंत पोचली, ‘असेंट’ नावाची काँटेसा ३२. नंतरच्या चौकशीत काँटेसाचा स्थिरतेचा आलेख त्या काळच्या एका हलक्या, रुंद शर्यती बोटीशेजारी मांडला गेला. शर्यती बोट साधारण ११७ अंशांपलीकडे कलली की स्वतःहून उठत नव्हती. काँटेसा १५५ अंशांपर्यंत उठत होती.

हा फरक कुठून येतो ते नीट समजून घ्या. काँटेसाचं वजन सुमारे ४,३१० किलो, त्यातलं २,०४० किलो, म्हणजे जवळपास ४७ टक्के, निरम (तोल राखणारं वजन) म्हणून खाली कीलमध्ये. रुंदी फक्त २.९० मीटर. ढकलली की लगेच कलते, पण जितकी कलते तितकं खालचं वजन तिला जोरात परत ओढतं. जत्रेत मिळणारी बुडाला वजन असलेली बाहुली आठवा. सन ओडिसी ३४९ उलट्या तत्त्वावर उभी आहे. मार्क लोंबार यांचा हा २०१४ चा आराखडा. वजन रिकामी ५,३४० किलो, निरम त्याच्या तीस टक्क्यांच्या आसपास, रुंदी ३.४४ मीटर, आणि ती रुंदी पार मागपर्यंत नेलेली. पाण्यावर परात ठेवावी तशी ती सुरुवातीला कलायलाच तयार नसते. परात सहज उलटत नाही, पण उलटलीच तर उलटीही तितकीच आरामात तरंगते. काँटेसा पूर्ण उलटी झाली तर त्या स्थितीपासून २५ अंश हलली की पुरे, पुढची लाटच तिला उठवते. १२० अंशांवर ज्या बोटीची स्थिरता संपते तिला त्याच स्थितीत ६० अंश हलवणारी लाट लागते. ३४९ ला खुल्या समुद्राचा ‘ए’ वर्ग आहे. त्यासाठीचा युरोपीय निकष म्हणजे १३० वजा टनांतल्या वजनाची दुप्पट. या वजनाला तो ११९ अंशांच्या जवळ येतो.

म्हणजे जुन्या मंडळींचं आकड्यांच्या बाबतीत बरोबर आहे. चूक होते ती पुढे. हा गुण कुठल्या प्रसंगासाठी आहे? उंच, फुटणाऱ्या लाटेने बोट आडवी घेण्यासाठी. शेरबुरला जाताना हवामानाचा अंदाज पाहून निघणारी, चौदा तासांत दुसऱ्या बंदरात पोचणारी चौघांची सफर त्या लाटेपर्यंत जातच नाही, आणि गेली तर चूक किनाऱ्यावरच झालेली असते. फास्टनेटचा आलेख बघून शनिवार-रविवारची बोट निवडणं म्हणजे लेह-लडाखसाठी बांधलेली गाडी घेऊन रोज दादरला भाजी आणायला जाणं.

तुम्हाला रोज भेटणारे फरक वेगळे आहेत.

पाण्याच्या रेषेवर काँटेसा ७.३२ मीटर आहे, ३४९ साधारण ९.४०. एकूण लांबीत फरक जेमतेम अर्ध्या मीटरचा, कारण काँटेसाची नाळ (पुढचं टोक) आणि पिछाडी पाण्याबाहेर लांब झुकलेली आहे. पण वेग ठरतो पाण्यातल्या लांबीवर. हिशेबाने काँटेसाची धाव साडेसहा नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) थांबते, ३४९ ची साडेसातच्या जवळ. सॉलेंटच्या पश्चिम तोंडावरच्या नीडल्स खडकांपासून शेरबुर साधारण ६० सागरी मैल. सरासरी पाच नॉट पडले तर बारा तास, सहा पडले तर दहा. हे दोन तास म्हणजे नऊ वर्षांच्या मुलाचा ‘अजून किती?’ आणि अंधार पडायच्या आत धक्का गाठणं, दोन्ही.

वाऱ्याच्या तोंडावर जाताना मात्र काँटेसाचा हात कुणी धरत नाही. तिची पुढची बाजू खोल आणि निमुळती, ती लाट कापत जाते. नीडल्स चॅनलमध्ये ओहोटी नैऋत्य वाऱ्याविरुद्ध वाहते तेव्हा पाणी आखूड आणि उभं होतं. तिथे ३४९ चं सपाट पोट प्रत्येक तिसऱ्या लाटेवर धप्पकन आपटतं, कपाटातल्या बशा वाजतात, आणि खाली बसलेल्याला वाटतं की आता काहीतरी तुटलं. तुटत नाही काही. पण ते आवाज भीतीचे आहेत, आणि तुमच्या पत्नीच्या प्रश्नाचा अर्धा भाग तिथे आहे. उपाय आहे : शीड लवकर आवरा, वाऱ्यापासून दहा अंश बाजूला उतरा आणि वेग पाच-साडेपाचवर आणा. या बोटीवर १५-१६ नॉट खऱ्या वाऱ्याला पहिला रीफ (म्हणजे शीड आवरून लहान करणं), वीसला दुसरा. वीस अंशांपेक्षा जास्त कललेली ३४९ वेगाने जात नसते, नुसती बाजूला घसरत असते.

काँटेसा २५-३० अंश कलून तासन् तास चालेल, तिचा तो स्वभावच आहे. पण डेकची कड पाण्याजवळ असते, आणि कॉकपिटमधली, म्हणजे मागच्या उघड्या बसायच्या जागेतली, माणसं भिजतात. थोडंथोडकं नाही. चांगली स्प्रेहूड (कॉकपिटपुढचं कापडी छप्पर) नसेल तर अकराशे लाटांपैकी हजार तोंडावर. समुद्र लागणाऱ्या माणसाला कलणं, ओलेपणा आणि थंडी एकत्र मिळाली की दोन तासांत खेळ खलास.

आणि खाली? इथे दोन्ही बाजूंनी लोक चुकतात. ३४९ ची मागची डबल केबिन धक्क्यावर उत्तम, भर समुद्रात निरुपयोगी, कारण कललेल्या बोटीत रुंद गादीवर माणूस लोळतो. चालू बोटीत झोपायचं ते सलूनच्या (मधल्या बैठकीच्या खोलीच्या) लांब बाकावर, कडेला कापडी अडसर बांधून. तो अडसर बोटीबरोबर येत नाही, पुरुषभर लांबीचा शिवून घ्या आणि वरचे हुक प्लायवूडमध्ये आरपार बोल्टने लावा, स्क्रूने नाही. काँटेसात अरुंद बर्थ मुळात समुद्रासाठीच आहेत. सलून इतकं चिंचोळं की तोल गेला तर हातभर अंतरावर काहीतरी धरायला सापडतं. ३४९ मध्ये तोल गेला तर दीड-दोन मीटर भिरकावले जाल, म्हणून छताला आणखी दोन पकडदांडे बसवायचा खर्च आत्ताच धरा.

पण चार माणसं, ओले बूट, चार लाइफजॅकेट, दोन मुलांच्या पिशव्या, आणि पावसात अडकलेला रविवार. काँटेसात तेरा वर्षांच्या मुलीला दार लावून बसायला जागा नाही. हे हसण्यावारी नेऊ नका. कुटुंबाच्या बोटी विकायला निघतात त्या वादळामुळे नाही, मुलांनी यायचं बंद केल्यामुळे निघतात.

आता पैसे. जाहिरातीतल्या २६ आणि ९२ हजारांची तुलना करू नका, दोन्ही आकडे दिशाभूल करतात.

काँटेसाचं बघा. डेकच्या वरच्या आणि खालच्या फायबरग्लास थरांमध्ये बाल्साचं लाकूड आहे. पायाखाली दबतोय म्हणजे कुठल्यातरी बोल्टच्या भोकातून पाणी आत गेलं, लाकूड कुजलं आणि वरचा थर सुटला. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने दर पाच सेंटिमीटरवर ठोकत जा. कडक ‘टक’ आला तर ठीक, बसका ‘ठप’ आला तर खडूने रेष मारा. तळहाताएवढा भाग असेल तर बोल्ट काढून भोक मोठं करायचं, वाकवलेल्या खिळ्याने आतलं कुजकं लाकूड खरवडायचं, आठवडाभर वाळू द्यायचं, घट्ट इपॉक्सी भरायचं आणि त्यातून नवं भोक पाडायचं. परातीएवढा असेल तर वरचा थर कापून काढावा लागतो, आणि तोही डोलकाठीजवळ. हे काम यार्डाकडून करून घेतलं तर चार हजार धरा. बुख हे चिवट डिझेल आहे, पण पन्नाशीला आलेल्या इंजिनाचे भाग महाग पडतात. नवं वीस अश्वशक्तीचं इंजिन बसवून साधारण अकरा. बारा वर्षांचं रिगिंग विमा कंपन्या सहसा मान्य करत नाहीत, तारा बदलायला चार. वायरिंग, खिडक्यांची रबरं, गाद्या यांत सहा. बेरीज पंचवीस हजारांवर जाते आणि बोट तुम्हाला पडते ५१ ला. विकताना तिचे तीस आले तरी नशीब. आमचे आकडे ढोबळ आहेत, कोटेशन आणलंत तर हजार-दोन हजार इकडेतिकडे होतील, चित्र बदलणार नाही.

३४९ सात वर्षं वापरून ७० ला गेली असं समजा. म्हणजे दोन्हीकडे बुडणारी रक्कम वीस-बावीस हजारांच्या घरातच आहे. फरक असा की ३४९ मध्ये तुमचे मोठे भांडवल अडकून राहतं, आणि काँटेसात दोन हिवाळ्यांचे सगळे शनिवार. नोकरी आणि दोन शाळकरी मुलं असलेल्या माणसाकडे या दोनपैकी काय कमी आहे ते तुम्हीच सांगा.

तरीही ९२ हजारांना ३४९ घेऊ नका. १,०५,००० मधले ९२ गेले तर तेरा उरतात, आणि २०१५ च्या बोटीला ‘नवीन’ म्हणणं बंद करा. तिचंही रिगिंग दहा वर्षांपलीकडे गेलंय, चार हजार. शिडं पहिलीच असतील तर पॉलिएस्टरची झोळी झालेली असते, मेन आणि जेनोआ (मुख्य आणि पुढचं शीड) मिळून पाच. सर्व्हे आणि क्रेनने उचलणं हजार-बाराशे. विमा, बर्थचं (धक्क्यावरच्या जागेचं) पहिलं भाडं. गंगाजळी शून्य. बोटीच्या किमतीच्या दहा टक्के रोख हातात राहिलीच पाहिजे, म्हणून तुमची मर्यादा ८४-८५ हजार आहे. ऑफर तिथून खाली सुरू होते, आणि सर्व्हे व चाचणी-सफर या अटींवरच असते.

सर्व्हेअर नेमा, पण स्वतःही जा. बोट पट्ट्यांवर उचललेली असताना कील आणि बुडाच्या सांध्याला डोळा लावा. कील लटकत असताना मागच्या टोकाला केसाएवढी फट दिसली आणि टेकवल्यावर मिटली तर तिथेच थांबायचं. मग आत जा, फळ्या उचला. अशा बोटींत बुडाला कणा देणारी जाळीसारखी चौकट वेगळी साच्यातून काढून आतून चिकटवलेली असते, आणि कीलचे बोल्ट तिच्यातून जातात. बोट कधी जोरात खडकावर बसली असेल तर कीलचं पुढचं टोक अडतं, मागचं टोक वर दाबलं जातं आणि तिथला चिकटवलेला सांधा सुटतो. मागच्या बोल्टांभोवती ताऱ्यासारख्या चिरा, वॉशर रुतलेला, गंजाचा ओघळ, किंवा चौकटीच्या कडेला नुकताच दिलेला रंग, यांतलं काहीही दिसलं तर जाब विचारा. मे २०१४ मध्ये अटलांटिकमध्ये ‘चीकी राफिकी’ या बेनेटो फर्स्ट ४०.७ ची कील निखळली आणि चौघे गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने आधीच्या जमिनीला लागण्यामुळे आणि दुरुस्त्यांमुळे चौकट आणि बुडाचा सांधा कमकुवत झाला असण्याची शक्यता नोंदवली. तुमची बोट वेगळी आहे, लहान आहे, पण रचनेचा विचार तोच. विक्रेत्याला लेखी विचारा : बोट कधी जमिनीला लागली होती का, कुठे, किती वेगात, आणि नंतर कोणी पाहिली? ‘सॉलेंटमध्ये कोण लागत नाही?’ हे उत्तर नाही. मऊ चिखलात दोन नॉटने बसणं आणि खडकावर सहाने आदळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काँटेसात ही भानगडच नाही, तिचं निरम फायबरग्लासच्या कीलच्या पोटात बंद आहे, बोल्ट नाहीत. तिथे बघायचं ते तळाचं कातडं फाटून आत पाणी गेलंय का : वाळत ठेवल्यावर महिनाभरानेही ओली राहणारी रेष.

सीकॉक, म्हणजे बुडाला असलेले पाण्याचे झडपवाले नळ, इथे जुनी बोट नवीला हरवते. त्या काळच्या बोटींना बहुतेक ब्लेक्सचे ब्राँझचे निमुळत्या गाभ्याचे सीकॉक असत. वर्षाला एकदा खोलून ग्रीस लावलं की चाळीस वर्षं चालतात. आधुनिक कारखान्यातल्या अनेक बोटींना साधं पितळ बसवलं गेलं, कारण युरोपीय मानक पाच वर्षं टिकणं एवढंच मागत होतं. खारं पाणी पितळातलं जस्त खाऊन टाकतं, उरतं ते गुलाबी, ठिसूळ तांबं. नखाने खरवडून बघा, गुलाबी दिसलं की झालं. लाथ बसली तरी तुटतं, आणि चाळीस मिलिमीटरच्या भोकातून येणारं पाणी बादलीने उपसून होत नाही. दहा वर्षांचे असतील तर न विचारता सगळे बदला, ब्राँझ किंवा काचतंतू-प्लास्टिकचे घाला. बोट त्यासाठी बाहेरच काढलेली असेल.

सेलड्राइव्हचं (इंजिनापासून बुडातून खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या भागाचं) तेल काढून बघा, दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरलंय. त्याच्याभोवतीचा मोठा रबरी पडदा ठरावीक मुदतीने बदलावा लागतो, मालकाकडे पावती मागा. दोन्ही सुकाणूंची पाती खालच्या टोकाला धरून जोरात हलवा, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त खडखड म्हणजे बेअरिंग गेलं. काँटेसावर हीच परीक्षा सुकाणूच्या पुढच्या स्केगच्या (सुकाणूला आधार देणाऱ्या पंखाच्या) पायथ्याशी करायची.

गोव्याचं स्वप्न आम्ही मोडणार नाही. पण कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या ‘म्हादेई’ने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ५६ फुटांची होती, गोव्यात मुद्दाम त्याच कामासाठी बांधलेली. निवृत्तीनंतर तुम्ही दोघंच असाल तेव्हा काँटेसासारखी बोट शोधा. तेव्हा तिचे गुण कामाला येतील आणि दुरुस्तीला वेळही असेल. पंधरा वर्षांनंतरच्या सफरीसाठी आजच्या मुलांना ओलं करू नका.

शेरबुरचा एक कागदी मुद्दा, कारण भारतीय पासपोर्टवाल्यांना तो बंदरात जाऊन कळतो. स्वतःच्या बोटीने गेलात तरी शेंगेन व्हिसा प्रत्येकाला लागतो. ब्रिटनमधून निघताना आणि परतताना, निघण्यापूर्वी चोवीस ते दोन तासांच्या आत सरकारकडे ऑनलाइन माहिती भरावी लागते. बोटीच्या व्हॅटची पावती मूळ प्रत मागून घ्या, फोटोकॉपीवर भागवू नका.

आता ताई, तुमच्याकडे. भीती कमी वाटेल अशी बोट म्हणजे जिच्यावर रात्री कुणाला पुढच्या डेकवर जावं लागत नाही ती. ३४९ चे शिडाचे दोर मागे आणलेले असतात, रीफ कॉकपिटमधूनच घेता येतो, आणि मेनचा दोर दोन्ही विंचांवर (दोर ओढायच्या चरख्यांवर) येत असल्याने तेरा वर्षांची मुलगी तो सांभाळू शकते. काँटेसावर मोठा जेनोआ टॅक करताना (वाऱ्याची बाजू बदलताना) विंचवर प्रौढ माणसाचा जोर लागतो, आणि तो माणूस बहुतेक तुम्हीच असाल. कुणी पाण्यात पडलं तर ३४९ ची मागची उघडणारी फळी माणूस वर घ्यायला सोपी आहे. याच फळीमुळे मुलं मागून सहज खालीही जातील. म्हणून चालू बोटीत ती बंद, आणि मुलं कॉकपिटमध्येसुद्धा पट्ट्याने बांधलेली. पट्टा अडकवायचे कडे फरशीजवळ, मध्यावर हवे, कठड्याला नाही.

एका बाबतीत मात्र ही बोट तुम्हाला फसवेल, धक्क्याला लावताना. एका सुकाणूच्या बोटीत इंजिन क्षणभर जोरात पुढे दिलं की पंख्याचं पाणी सुकाणूवर आदळतं आणि पिछाडी वळते. ३४९ मध्ये पंखा मधोमध आणि सुकाणू दोन बाजूंना, त्यामुळे थांबलेल्या बोटीत चाक कितीही फिरवा, काही होत नाही. दीड-दोन नॉट वेग आल्यावरच ती ऐकते. वर बोटीची उंच बाजू वारा पकडते. काँटेसाची कटकट उलटी, पुढे शहाणी, मागे जाताना तिच्या मनाला येईल तिकडे.

तेव्हा चाचणी-सफरीला निवांत, गुळगुळीत सकाळ घेऊ नका. पंधरा-अठरा नॉट वारा आणि त्याच्याविरुद्ध भरती-ओहोटी असलेला दिवस मागा. इंजिन थंड असताना सुरू करायला लावा. बोट नीडल्स चॅनलच्या दिशेने वाऱ्याच्या तोंडावर न्या, दोन्ही रीफ घेऊन आणि सोडून बघा, मग ती आपटत असताना खाली जाऊन गॅसवर चहा करून बघा. परत येताना वारा बाजूने असेल असा बर्थ निवडा, बोट दोनदा मागून आत घाला, आणि त्या दोन्ही वेळा चाक ताईंच्या हातात असू द्या.